डब्यात आवाज, बाहेर मी

क्रॉस-कंपायलर म्हणतात मला, मित्रांनो, आणि आता मी जुना झालो आहे. माणसं जो प्रोग्राम लिहितात तो यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. तो यंत्राच्या भाषेत उतरवणं हे कंपायलरचं काम. माझं थोडं वेगळं आहे. मी राहतो मोठ्या कॉम्प्युटरवर, आणि प्रोग्राम उतरवतो दुसऱ्याच एका लहानशा यंत्राच्या भाषेत. त्या यंत्रात मला स्वतःला कधीच जाता येत नाही.

माझा जन्म पवनीला, दामिनीच्या घरी झाला. दामिनी नागपूरहून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आली होती. तिचे वडील ताराचंद धानाची शेती करत. आई ललिताबाई साऱ्या मोहल्ल्यात बोलक्या. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की शेतातल्या बांधीतून त्यांचं गाणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनच्या आधी दामिनी आईसमोर फोन धरून बसली.

"यंत्रापुढं काय बोलू वं? मले लाज वाटते," ललिताबाई म्हणाल्या.

"रोज बोलतेस तेच बोल ना, माय."

म्हणून त्या रोजचंच बोलल्या. जेवली का. इकडे ये. चहा ठेवू का. सांभाळून जाजो.

दामिनीने बटणांचा एक डबा बनवला. आईचे शब्द त्यातल्या मेमरी कार्डात ठेवले, आणि ते वाजवणारा प्रोग्राम मी डब्यातल्या चिपच्या भाषेत उतरवला. दवाखान्यातून आल्यावर ललिताबाईंनी पहिलं बटण दाबलं, तेव्हा शेजारच्या उषाबाई दारातच थबकल्या. "अवं, हे त ललिताच बोलून राहिली," त्या म्हणाल्या. ललिताबाई हसल्या. हसण्याला आवाज नव्हता, फक्त खांदे हलत होते. मित्रांनो, तेवढा आनंद मला पुन्हा क्वचितच झाला.

पण माझा संसार तेव्हा फार विस्कटलेला होता. चिपला काय काय करता येतं हे मला हेडर फाइली सांगतात, आणि नेहमीची कामं लायब्ररीत आधीच तयार करून ठेवलेली असतात. माझ्या हेडर फाइली चार फोल्डरांत पडल्या होत्या आणि लायब्ररी तिसरीकडेच. दामिनीला सगळं पाठ होतं, म्हणून चालत होतं.

पुढे तिला पुण्यात नोकरी लागली. जाताना तिने माझं मुख्य फोल्डर तेवढं सोबत घेतलं आणि त्याचीच एक प्रत चुलत बहीण प्रतिक्षाच्या लॅपटॉपवर ठेवली. काही महिन्यांनी घरचा कॉम्प्युटर बिघडला. दुकानदाराने त्याची डिस्क पुसून नवी करून दिली. त्यासोबत माझं विखुरलेलं सामानही गेलं. ते गेल्याचं कुणाला कळलंसुद्धा नाही.

मग एका दुपारी वीज कडाडली आणि चार्जिंगला लावलेल्या डब्याची चिप जळली. कार्डातला आवाज सुखरूप होता. पण बाजारात मिळाली ती चिप वेगळ्या जातीची, म्हणून प्रोग्राम नव्याने उतरवावा लागणार होता. प्रतिक्षाने मला कामाला लावलं. मी हेडर फाइली शोधू लागलो, त्या सापडेनात. शेवटी लॅपटॉपचीच त्याच नावाची एक फाइल हाती लागली आणि मी तिच्यावर विसंबलो. प्रोग्राम तयार झाला. डब्यातून शब्द मात्र निघाला नाही, नुसती घरघर.

"ताई, डबा बोलूनच नाही राहिला," प्रतिक्षा फोनवर म्हणाली.

"माह्याजवळही अर्धंच हाये," दामिनी म्हणाली.

ललिताबाईंनी बटणं आलटून पालटून दाबली. मग पदराने डबा पुसला आणि फळीवर ठेवून दिला. ताराचंद बायकोला म्हणाले, "राहू दे. तुहा आवाज मले पाठ हाये." त्यावर ललिताबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्या दिवसापासून त्या घरात मोठ्याने बोलायला सगळ्यांनाच संकोच वाटू लागला.

दामिनी सुट्टी काढून आली आणि तिने माझं घर मांडायला घेतलं. नव्या चिपच्या हेडर फाइली एका जागी, लायब्ररी दुसऱ्या जागी. जुनी लायब्ररी जुन्या चिपच्या भाषेतली होती, म्हणून ती नव्याने बांधली. मोठ्या कॉम्प्युटरचं सामान माझ्यात मिसळू नये म्हणून, जे लागेल ते स्वतःच्याच घरात शोधायचं, बाहेर डोकावायचं नाही, असं मला शिकवलं. मग सगळं एका पॅकेजात बांधलं.

"आता तुह्याच लॅपटॉपवर लाव," ती प्रतिक्षाला म्हणाली. "मी हात नाही लावत."

प्रतिक्षाने जुनी प्रत काढून टाकली आणि मला उघडलं. यावेळी मला काहीच शोधावं लागलं नाही. प्रोग्राम डब्यात गेला. ललिताबाईंनी बटण दाबलं.

"जेवली का?"

दामिनी खाली बघत म्हणाली, "नाही, माय. आता जेवतो."

ललिताबाई आणखी काही वर्षं त्या डब्यातून बोलत राहिल्या. आता त्या नाहीत. दामिनी पुण्यात असते, प्रतिक्षा लग्न होऊन कारध्याला गेली. ताराचंद शेतावर निघताना डब्याचं एकच बटण दाबतात. "सांभाळून जाजो," डबा म्हणतो. "हो," म्हणून ते चप्पल घालतात.

मी एका डिस्कवर पडून आहे. माझी आठवण कुणी काढत नाही, कारण डबा नीट चालतो आहे. ज्या आवाजासाठी मी राबलो, तो ऐकायला त्या डब्यात एकदा जावं असं फार वाटतं. ते होणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुम्ही हाताने काही चांगलं घडवलंत, तर ते आपल्याला जमतंय एवढ्यावर थांबू नका. त्याचं सारं सामान जागच्या जागी ठेवा, म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी दुसऱ्याला ते चालवता येईल. शिकलेली मुलं लांब जातात. मागे राहिलेल्या माणसाला रोज घराबाहेर पडताना कुणाचा तरी आवाज हवा असतो.