गप्प केलेलं इंजिन

इंजिनातली चेन सरकलेली निघू दे, देवा, एवढं एक कर. डेल्फिनची गाडी स्टँडवर चढवताना माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

डेल्फिन समोरच्या खोक्यावर बसला होता, अंगात कालचाच शर्ट. काल दुपारी त्याच्या बायकोला, ब्रिजिडाला, दम्याचा झटका आला. रविवारी आमच्याकडे जीपनी, म्हणजे प्रवासी जीप, धावत नाही. म्हणून तिला मागे बसवून, घोंगडीने स्वतःशी बांधून तो खिंडीपलीकडच्या दवाखान्याकडे निघाला. तिसऱ्या वळणावर गाडी बंद पडली. मग त्याने तिला पाठीवर घेतलं आणि चढावर पळत सुटला. माणूस किती पळणार? पाण्याच्या टाकीपाशी तिची मान त्याच्या खांद्यावर पडली, ती पडलीच. आज सकाळी त्याने उतारावरून गाडी ढकलत माझ्या दुकानात आणली.

"मानोंग, दुपारपर्यंत होईल ना? खालून पाद्रीला आणायचंय," तो म्हणाला. मानोंग म्हणजे थोरला भाऊ. सगळं गाव मला तेच म्हणतं.

"बघू तर दे आधी."

"बघायचं काय त्यात? सगळा चढ मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पिळली. इंजिन मीच मारलं. म्हणजे तिलाही मीच मारलं."

"गप बस रे! मेकॅनिक तू आहेस का मी?" मी खेकसलो. मला भीती वाटली की माझा आवाज चढतो. माझी बायको होती तोवर ती हसून म्हणायची, घाबरला बघा म्हातारा.

किकवर पाय ठेवला तर किक लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. दाब नावाला नाही. प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली निळी पडत होती. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडलं आणि पुन्हा किक मारली. रिंगा झिजल्या असत्या, तर तेलाने थोडा तरी दाब धरला असता. काही फरक नाही. म्हणजे पिस्टन ठीक, रिंगा ठीक. उरले दोनच संशयित. एक टायमिंग चेन दात सोडून सरकलेली, नाहीतर व्हॉल्व्ह.

चेन सरकली तर दोष कुणाचाच नाही. गाडी तीस वर्षांची आहे, जुनी चेन सैल पडते, कुणाला काय बोलणार?

व्हॉल्व्ह असेल तर मात्र मी होतो.

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. आमच्या वाडीतले लाकाय, म्हणजे म्हातारबाबा, बांगतोय नव्वदी ओलांडून गेले. त्यांचं प्रेत सात दिवस घरात ठेवलं होतं. आमच्याकडे मयताच्या घरासमोर खडखडाट चालत नाही, कोंबड्यावर टोपली घालतात, लाकूड फोडायला नदीवर जातात. डेल्फिनचं घर अगदी शेजारी, आणि याच्या गाडीचं टॅपेट, व्हॉल्व्ह दाबणारा तो भाग, टिकटिक टिकटिक करायचं. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला दम भरला, गाडी गप्प कर नाहीतर उभी कर. उभी करून कसं चालेल? शेतातली कोबी काय डोक्यावरून नेणार? तो माझ्याकडे आला. "मानोंग, सात दिवस हिचं तोंड बंद करा."

मला कळत नव्हतं असं नाही. तीस वर्षं हेच करतोय. टॅपेटला कागदाएवढी फट लागतेच. ती असली तर इंजिन टिकटिकतं, आणि ती टिकटिक म्हणजे तब्येत बरी. फट मिटवली की आवाज जातो, पण इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. मग आग त्याच्या कडेतून निसटते आणि कड खाते. सगळं माहीत असून मी स्क्रू आवळला. बांगतोय माझ्या बापाचे मित्र होते, म्हाताऱ्यांचा शब्द मोडवेना. "दफन झालं की ये," एवढंच म्हणालो. का ये, ते सांगितलं नाही.

तो आला होता की! दफनाच्या दुसऱ्याच दिवशी आला आणि दारातूनच ओरडला, "मानोंग, काय हात आहे तुमचा! नव्यासारखी पळते, आवाज म्हणून नाही!" तिथे चार गिऱ्हाईकं बसलेली. त्यांच्यासमोर माझी छाती फुगली. अरे, आत घे, सैल करू, हे चार शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. उद्या सांगू म्हटलं. मेल्या म्हाताऱ्या, काय घाई होती मिरवायची!

मॅग्नेटचं झाकण उघडलं. चाक फिरवून खूण खाचेसमोर आणली. वर कॅमच्या दातेरी चाकावरची खूण पाहिली. तीही जागेवर, म्हणजे चेन सरकलेलीच नव्हती. माझा विश्वास बसेना. चाक दोनदा पूर्ण फिरवून पुन्हा आणलं. खुणा तशाच, समोरासमोर.

मग टॅपेटखाली फट मोजायच्या फिलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी घालायला गेलो. ती आत जाईना. हेड खोललं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह एका बाजूने उंदराने भाकरी कुरतडावी तसा खाल्लेला होता. माझ्या हातातला पाना खाली पडला.

"चेन ना?" डेल्फिनने विचारलं. "चेनच असणार. जुनी झाली होती."

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पण संपलं असतं ते माझ्यापुरतं. हा पोरगा जन्मभर म्हणत राहिला असता, मी गाडी पिळली, मी तिला मारलं. मी तो व्हॉल्व्ह त्याच्या तळहातावर ठेवला.

"चेन नाही. तू पिळल्यानेही नाही. धड इंजिन असतं तर त्याने तो चढ हसत काढला असता. मी टॅपेट आवळलं होतं ना, त्याने हा जळला. मला माहीत होतं डेल्फिन. तू परत आलास तेव्हाही माहीत होतं."

त्याने व्हॉल्व्हच्या खाल्लेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग खाली वाकून त्याने तो पडलेला पाना उचलला. मी हललो नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी नाही?" तो म्हणाला.

"नाही."

"तू."

"मी."

आजवर त्याने मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्याने पाना माझ्या पुढ्यात ठेवला. "चालू कर. पाद्री वाट बघतोय."

जुन्या इंजिनातला एक चांगला व्हॉल्व्ह होता, तो घासून बसवला. हेड चढवलं, खुणा जुळवल्या, कागदाएवढी फट सोडली आणि गेज दोनदा घालून खात्री केली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. टिकटिक टिकटिक.

"म्हातारे ओरडतील," मी म्हणालो. "तुझ्या घरात मयत आहे."

"ओरडू देत."

तो गेला. तासाभराने पाद्रीला मागे घेऊन माझ्या दारावरून वर चढला, माझ्याकडे न बघता. दुकान त्याच्या घराच्या बरोबर खाली आहे, सगळं ऐकू येतं. गाडी अंगणात पोचली. म्हाताऱ्यांचा आरडाओरडा झाला. डेल्फिनने गाडी बंद केली नाही. ब्रिजिडाला जिथे ठेवलं होतं त्या दारासमोर ती तशीच चालू होती, आणि कितीतरी वेळ ती टिकटिक खाली माझ्यापर्यंत येत राहिली. मी कान झाकले नाहीत.