आयव्हरच्या कानातली सळसळ

मित्रांनो, मला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस आधी नाक मुरडतो. मी तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत राहतो, आणि इतकी वर्षे झाली तरी तो वास काही माझी पाठ सोडत नाही. पण माझ्या पोटात तंबाखू नाही. तिथे एक चौकोनी बॅटरी आहे, थोड्या तारा आहेत आणि बाहेरच्या बाजूला आवाज वाढवण्याचे एक काळे बटण आहे. मी एक जुना हेडफोन ॲम्प्लिफायर आहे. खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरचा जीव तो केवढासा! त्याचा आवाज मोठ्या हेडफोनला पुरत नाही. मग तो वीतभर तारेतून माझ्याकडे येतो, मी त्याला मोठा करतो आणि पुढे कानांकडे पाठवतो. एवढेच माझे काम, पण ते मी मनापासून केले.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या लाल धुळीच्या खाणगावात, डेसच्या परसातल्या शेडमध्ये झाला. डेस खाणीतला इलेक्ट्रिशियन. निवृत्त झाला तरी त्याचे हात स्वस्थ बसेनात, म्हणून तो गल्लीतल्या सगळ्यांच्या किटल्या आणि पंखे दुरुस्त करत बसे. मला मात्र त्याने आपल्या जिवाभावाच्या दोस्तासाठी, आयव्हरसाठी बनवले. आयव्हरने उमेदीची सारी वर्षे जमिनीखाली खडक फोडणारे ड्रिल चालवण्यात घालवली होती. त्या ड्रिलने त्याचे निम्मे कान खाल्ले. आमच्या गावात याचे कुणाला नवल नव्हते. क्लबात दोन म्हातारे हळू आवाजात गुपित बोलू लागले की ते रस्त्यापलीकडच्या माणसालाही कळे.

पण आयव्हरला आपले उरलेले कान फार जपून वापरावे लागत, कारण तो गावच्या ब्रास बँडचा बँडमास्तर होता. गुरुवारच्या तालमीला तो प्लेअर समोर ठेवून सगळे वाजवणे त्यात रेकॉर्ड करून घेई. मग घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कोण पुढे पळाला, कोण मागे राहिला, हे शोधत राही. ते ऐकायला त्याला माझी गरज होती.

डेसने मला आणून दिले तेव्हा मला प्लेअरशी कसे जोडायचे तेही नीट सांगितले. प्लेअरचा आवाज वर ठेवायचा आणि माझा खाली. उलटे केलेस तर गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकशील, असे तो दाढीतल्या दाढीत पुटपुटला. आयव्हरने मान डोलावली. मित्रांनो, ज्यांना कमी ऐकू येते त्यांची ही एक खोड असते. तीनदा "काय?" म्हणून झाले की चौथ्यांदा विचारायची त्यांना लाज वाटते आणि ते मान डोलावून मोकळे होतात. डेसला वाटले, समजले. दुसऱ्याच दिवशी तो गाडीला कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचे घर, जोडून बायकोसह उत्तरेच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघून गेला.

पहिले काही दिवस सोन्याचे होते. योगायोगाने प्लेअरचा आवाज तेव्हा वरच होता. आयव्हरने हेडफोन चढवला आणि त्याला बँडमधला ट्रँगल, तो किणकिणणारा लोखंडी त्रिकोण, ऐकू आला! खाण सोडल्यापासून तो त्याला कधी ऐकू आला नव्हता. त्याने सदऱ्याच्या बाहीने मला पुसले आणि "माझं डबडं" म्हणून सगळ्या बँडला दाखवले. वाजवणाऱ्यांना मात्र माझा थोडा रागच आला असावा, कारण त्यांची एकही चूक आता सुटत नव्हती.

नोरीनला, म्हणजे आयव्हरच्या बायकोला, वेगळीच काळजी लागली. एवढा मोठा आवाज रोज कानात ओतला तर उरलेले कानही जायचे, अशी तिला भीती होती. तसे बोलून दाखवले तर आयव्हर फणकारे. म्हणून ती एक अक्षर बोलली नाही. रोज सकाळी टेबलावरची लाल धूळ पुसताना ती प्लेअरचा आवाज हळूच एक घर खाली करून ठेवी. किती प्रेमाने करत असे ती हे! आणि आयव्हरला आवाज बारीक वाटला की तो माझे बटण थोडे वर फिरवी.

मी म्हणजे सांगितले ते करणारा प्राणी. माझ्याकडे जे येईल ते मी मोठे करतो, त्यात निवडानिवड मला येत नाही. प्रत्येक प्लेअरच्या गाण्याखाली बारीकशी सळसळ असतेच. गाणे मोठे असले की ती दबून राहते. आता प्लेअरकडून येणारे गाणे दिवसेंदिवस रोडावत गेले आणि माझ्या वाढत्या बटणाने ती सळसळ मात्र चांगली गुबगुबीत झाली.

आयव्हरला माझा संशयही आला नाही. त्याच्या कानात ड्रिलच्या दिवसांपासून एक शिटी वाजतच असे. गावातल्या प्रत्येक खाणकामगाराच्या कानात ती असते. ही सळसळ त्याला त्या शिटीचाच भाग वाटली. हेडफोन घातला की ती वाढते आणि काढला की कमी होते, यावरून त्याने आपल्या मनाशी निकाल लावून टाकला की आपले कान आता ऐकण्याचा भार सोसत नाहीत. तालमीत तो रागावेनासा झाला, कारण चूक खरोखर झाली की आपल्यालाच भास झाला, याची त्याला खात्री वाटेना. मला सगळे कळत होते. पण मला गळा आहे तो फक्त दुसऱ्यांच्या सुरांसाठी. स्वतःचे एक वाक्य बोलता आले असते तर मी त्या आठवड्यांत किती वेळा ओरडलो असतो!

बागेतला वसंताचा कार्यक्रम तोंडावर आला होता. एका शनिवारी दुपारी नोरीन जेवणासाठी थंड मांस आणि बीटरूट कापत होती. आयव्हरने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"उद्या बँडमास्तरची छडी ब्रॉनविनला देऊन टाकतो," तो म्हणाला. ब्रॉनविन बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची.

नोरीनने सुरी खाली ठेवली. "का रे? भांडलास का कुणाशी?"

"भांडायला तरी ऐकू यायला पाहिजे. कान संपले माझे, नोरीन. नुसती सळसळ येते. कॉर्नेटच्या तुताऱ्या सुरू झाल्या की नाही, तेसुद्धा कळत नाही मला. ज्याला चुका ऐकू येत नाहीत, तो कसला बँडमास्तर?"

नोरीनने त्याची समजूत घातली नाही. गुरुवारची तालीम ऐकायची आहे म्हणून तिने हेडफोन मागितला. आजवर तिने तो कधीच घातला नव्हता, कारण शुक्रवारी सेट केलेले केस विस्कटतात. आयव्हरने तिला तशी आठवण करून दिली.

"केस गेले खड्ड्यात," ती म्हणाली आणि तिने हेडफोन डोक्यावर दाबून बसवला. मग तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ही सळसळ म्हणतोस ती?" हेडफोन घातलेली माणसे ओरडून बोलतात, त्यामुळे आयव्हरला शब्द न् शब्द ऐकू गेला.

"तुला कशी ऐकू येईल ती? ती माझ्या कानातली आहे."

"मग माझ्या कानात काय करतेय?"

नोरीनने हेडफोन काढला, प्लेअर उचलला, तळाला टेकलेला त्याचा आवाज पाहिला आणि ती हळूच खुर्चीत बसली. रोज सकाळी धूळ पुसताना आपण काय करत होतो, ते तिने सांगून टाकले. आयव्हर आधी रागावेल असे मला वाटले होते. पण त्याने तिचा बीटरूटने लाल झालेला हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडलाच नाही.

मग दोघांनी मिळून प्लेअरचा आवाज वर नेला आणि माझे बटण खाली आणले. सळसळ गेली. ड्रिलची ती जुनी शिटी तेवढी राहिली, ती काही माझ्या हातात नव्हती. आयव्हर डोळे मिटून ऐकत होता. एकाएकी त्याने टेबलावर थाप मारली.

"दुसरा कॉर्नेट उशिरा आला!" तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. इतक्या आनंदाने कुणी कुणाची चूक पकडलेली मी कधी पाहिली नाही.

त्या वसंतात बागेत छडी आयव्हरच्याच हातात होती, आणि पुढेही बरीच वर्षे राहिली. आता त्याच्या कानात डॉक्टरांनी दिलेली इवलीशी यंत्रे असतात आणि मी सुतळी व मेणबत्त्यांच्या खणात पडून असतो. नोरीनने माझी बॅटरी काढून ठेवली आहे, म्हणजे ती फुटून माझ्या तारा कुजणार नाहीत. एवढी काळजी पुष्कळ झाली.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल तर त्याचे बटण खाली ठेवा आणि तुमचे कान जपा. पण त्याहून एक गोष्ट मोठी आहे. तुमच्या जवळचे कुणी गप्प गप्प झाले, तर बरे वाटावे म्हणून लांबूनच त्याचा आवाज कमी-जास्त करू नका. जवळ बसा, त्याचा हेडफोन मागा आणि आपल्या कानांना लावून बघा. त्याला छळणारा आवाज तुम्हालाही ऐकू आला, तर तसे त्याला सांगा.