कोपऱ्यातलं मशीन

शाळा उघडली की नववीच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणार, असं मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पालकसभेत जाहीर करून टाकलं आणि मग संगणकाच्या बाईंना बोलावून विचारलं, "जमेल ना हो?"

जाहीर झाल्यावर न जमून कसं चालेल? नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. "जमेल की," ती म्हणाली आणि सुट्टीतल्या रिकाम्या शाळेत, वरच्या मजल्यावरच्या संगणकाच्या खोलीत येऊन एकेका मशीनपुढे ठाण मांडून बसायला लागली.

काम अवघड नव्हतं, वेळखाऊ होतं. आधी मशीनवरचा जुना कचरा काढायचा, मग पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा टाकायची, मग कोड लिहायचा एडिटर, आणि शेवटी एका ओळीचा प्रोग्रॅम चालवून बघायचा. काही मशीन गुणी लेकरांसारखी ऐकत. काही अशी हटून बसत की त्यांच्यापुढे हात जोडायचेच तेवढे बाकी राहत.

मदतीला मोठे दीर होते; ती त्यांना दादा म्हणे. त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेची सगळी मशीन त्यांनीच बसवलेली आणि देखभालही त्यांच्याकडेच. शाळा बंद असताना घरबसल्या वर्ग चालायचे तेव्हाचे छोटे कॅमेरे अजून प्रत्येक पडद्याच्या डोक्यावर होते, तेही त्यांनीच लावलेले. इथली जागा रिकामी आहे ही बातमी घरी आणली ती त्यांनीच, आणि तिच्यासाठी शब्द टाकला तोही त्यांनीच. सासूबाई येईल जाईल त्याला सांगत, "मोठ्यानं धाकटीचं नशीब काढलं."

त्या दुपारी दीर वायर जोडत बसले होते. मुख्य पासवर्ड टाकायला दर वेळी त्यांना उठावं लागे. शेवटी ते कंटाळले.

"मॅडम, किती उठाबशा काढायला लावता? घे, तूच टाकत जा." त्यांनी पासवर्ड सांगून टाकला. "फक्त ते कोपऱ्यातलं राहू दे. त्याचं मी बघतो." आणि स्कूटरच्या डिकीतून वायर आणायला ते खाली गेले.

हातातलं मशीन झालं. पुढचं कोपऱ्यातलंच होतं. दादांच्या डोक्यावरचं ओझं तेवढंच कमी, अशा साध्या विचारानं ती त्याच्यापुढे बसली. पायथॉन टाकायला घेतलं तर मशीननं नन्नाचा पाढा लावला. डिस्कवर जागाच शिल्लक नव्हती. मुलांनी गेम भरून ठेवले असतील, असं मनाशी म्हणत तिनं लपवलेले फोल्डर उघडे केले.

गेम नव्हते. फोटो होते. पडदा खाली सरकवावा तितके फोटो.

पहिल्यात आठवीतली एक मुलगी नखं खात समोर बघत होती. दुसऱ्यात तीच, पण अगदी जवळून. मग डोकं टेकवून बसलेली कुणी, रडणारी कुणी, मैत्रिणीच्या कानात कुजबुजणारी कुणी. पडद्यावरच्या कॅमेऱ्यातून आपला फोटो निघतोय हे फोटोतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या मुलीच होत्या. एकेका मुलीच्या नावानं वेगळे कप्पे केलेले होते.

एका कप्प्याचं नाव होतं 'मॅडम'.

तो तिनं उघडला. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात वर्ग हाताबाहेर गेला होता आणि मधल्या सुट्टीत ती याच खोलीचं दार लावून एकटीच रडली होती. त्या रडण्याबद्दल तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ते रडणं इथे होतं, ओळीनं, डोळे पुसण्यापर्यंत.

मुख्य पासवर्ड आजपर्यंत एकाच माणसाकडे होता.

जिन्यात चपला वाजल्या. तिनं घाईनं सगळं बंद केलं.

"अगं, हे कशाला उघडलंस?" दीर दारातच थांबले.

"पुढचं होतं म्हणून." ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "डिस्क भरलीय म्हणतंय."

"भरणारच. जुनं आहे." ते जवळ आले, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाकले. त्यांच्या शर्टाला सोल्डरिंगचा वास होता. एरवी हा वास तिला घरचा वाटायचा. "ऊठ. मी सगळं पुसून कोरं करून देतो. दहा मिनिटांचं काम."

पुसलं की संपलं. मग कुणाला काय दाखवणार? पाटावर बसवून जेवू घालणाऱ्या माणसावर धाकटी सून काहीबाही बोलते, एवढंच उरलं असतं.

"नको," ती म्हणाली. आवाज कुठून आला तिचं तिलाच कळलं नाही. "मोठ्या बाईंनी एक मशीन खाली मागितलंय. त्यांचं बंद पडलंय. हेच नेते."

"भरलेलं मशीन नेतेस?"

"टायपिंगलाच हवंय त्यांना."

खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ती वाकून वायरी काढत बसली. निदान तोंड तरी दिसणार नाही. तिनं मशीनचा डबा उचलला आणि छातीशी धरला.

"जड आहे. दे इकडे."

"राहू द्या, दादा."

"दे म्हटलं ना."

त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. दीर पुढे, ती मागे, अशी दोघं रिकाम्या वर्गांसमोरून निघाली. एकाही वर्गात चिटपाखरू नव्हतं. ओरडलं तरी ऐकणार कोण, असा विचार मनात आला.

जिन्याच्या तोंडाशी ते थांबले. वळले.

"काय बघितलंस तू?"

"काही नाही."

"खरं सांग."

"दादा, काही नाही बघितलं."

ते हसले, आणि डबा हळूच पुढे, जिन्याच्या पोकळीवर धरला. "हातातून निसटलं तर? जुनं मशीन आहे. कोण विचारतंय?"

त्या क्षणी तिला वाटलं, निसटू दे. निसटलं तर घरी जाता येईल, संध्याकाळी सगळे एकत्र जेवतील, काहीच झालेलं नसेल. हे असं वाटलं, हे ती पुढे कधीच विसरली नाही. मग डोळ्यांपुढे ती नखं खाणारी मुलगी आली.

तिनं दोन पायऱ्या उतरून डब्याची दुसरी बाजू पकडली.

"दोघं मिळून नेऊ."

"सोड."

"नाही सोडत."

खालून शिपाईमावशींचा आवाज आला, "कोण आहे वर? पायऱ्या ओल्या आहेत हं, जपून या!"

"मावशी, इथे या हो जरा!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "मशीन जड आहे, हात लावा!"

मावशी फरशी पुसायचं फडकं खांद्यावर टाकून धापा टाकत वर आल्या. आता तिघांचे हात त्या डब्याला होते. ती उलट्या पावलांनी उतरत होती आणि दिरांचे डोळे हातभर अंतरावर होते. मावशींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले, "आईचा विचार कर." ती पायानं पुढची पायरी चाचपत राहिली.

मोठ्या बाईंच्या टेबलावर डबा ठेवला, पण तिनं त्यावरचा हात काढला नाही.

"बाई, हे मशीन यांच्या हातात देऊ नका," एवढंच तिला म्हणता आलं. "आत मुलींचे फोटो आहेत. चोरून काढलेले."

"सुरक्षेसाठी लावलं होतं ते," दीर लगेच म्हणाले. "चोऱ्या होतात. ती नवीन आहे, तिला त्यातलं कळत नाही."

मोठ्या बाईंनी आधी त्यांच्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "सुरक्षेसाठी असेल तर मला माहीत हवं होतं," त्या म्हणाल्या. "मावशी, दार लावून घ्या." आणि फोन उचलला.

पोलीस येईपर्यंत दीर खिडकीशी पाठमोरे उभे होते. ती मावशींचा हात घट्ट धरून बसली होती. मावशींनी हात सोडवून घेतला नाही.

घरी सासूबाई फक्त म्हणाल्या, "आधी घरी सांगायचंस," आणि आत जाऊन त्यांनी दार लावलं. नवऱ्यानं विचारलं, "तुला खात्री आहे? माझा भाऊ आहे तो."

"माझेही आहेत त्यात," ती म्हणाली. "मी रडतानाचे."

तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याच आठवड्यात त्यानं दुसरीकडे दोन खोल्या बघितल्या. भावाबद्दल तो अजून बोलत नाही.

दुसऱ्या शाळेतून आणलेल्या माणसानं कुलपं बदलली आणि कॅमेरे काढून नेले. राहिलेल्या मशीनवर पायथॉन टाकायला ती परत गेली, पण दार सताड उघडं ठेवून आणि मावशींना बाहेर बाकावर बसवून. वाऱ्यानं खिडकी आपटली तरी ती उठून दारापर्यंत जाऊन येई. पालकांना बोलावून सगळं सांगितलं गेलं. दोन मुलींनी शाळा सोडली. नखं खाणारी राहिली.

दीर जामिनावर सुटून आले आणि खटला रेंगाळला. एकदा बाजारात ते अचानक समोरून आले. हातातली पिशवी तिनं पोटाशी आवळून धरली. ते थांबले, काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. ती त्यांच्या अगदी जवळून, मान वर ठेवून पुढे गेली आणि कोपरा वळल्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली, पायांतली थरथर थांबेपर्यंत.