सातव्या रांगेतली मधली खुर्ची

सकाळी साडेसातला वायरताईंनी सभागृहाचे कुलूप काढले, पडदे सरकवले आणि नेहमीच्या क्रमाने जोडणीला लागल्या. गेली वीस वर्षे तिथली ध्वनिव्यवस्था त्याच सांभाळत. खरे नाव आता कुणी घेत नसे. मिक्सरची वायर खर्ज-टिपेचा तोल सांभाळणाऱ्या इक्वलायझरमध्ये, इक्वलायझरची ॲम्प्लिफायरमध्ये, तिथून दोन वायरी डाव्या-उजव्या स्पीकरना. स्पीकरच्या जुन्या वायरींतल्या दोन्ही तारा रंग उडून सारख्याच राखाडी झाल्या होत्या, म्हणून लाल खुंटीला जाणाऱ्या तारेला त्या दोन्ही टोकांशी दोरा बांधून ठेवत. माइकवर एक-दोन-तीन म्हणून पाहिले. मधल्या रांगांत खर्ज पोचत नव्हता. आठवडाभर हेच चालले होते. त्यांनी इक्वलायझरवरच्या खर्जाच्या पट्ट्या आणखी वर सरकवल्या. कडेच्या खुर्च्या थरथरल्या, मध्ये आवाज पातळ तो पातळच.

"सभागृहच खुळं आहे," असे म्हणून त्यांनी थर्मासमधला चहा ओतून घेतला.

नऊ वाजता त्या खुळ्या सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नाही. पाच दिवसांपूर्वी आलेल्या अंतर्नाद गुरुजींनी सातव्या रांगेतली मधली खुर्ची जागृत असल्याचे जाहीर केले होते. तिथे बसणाऱ्याला त्यांचा आवाज स्पीकरमधून नव्हे, थेट स्वतःच्या डोक्यातून ऐकू येई. निवृत्त पोस्टमास्तर तिथून डोळे पुसत उठले. एका शिंप्याच्या मेंदूला गुदगुल्या झाल्या. दोन विहिणी एकदमच बसल्या आणि एकमेकींच्या मांडीवरून उठेनात.

"खर्ज हा देहाचा, भक्तहो," गुरुजी म्हणत. "देह गळला की उरतो निखळ नाद. तो गाठी विरघळवतो, मुतखडे फोडतो, गुडघ्यांना नव्या बिजागऱ्या बसवतो."

बिजागऱ्या ऐकून वायरताईंना हसू फुटले. पण पुढची पाळी त्यांच्याच मावशीची निघाली आणि ते मावळले. मावशीच्या गळ्यात गाठ होती. शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांनी गुरुवार दिला होता आणि दिरंगाई नको, असे दोनदा बजावले होते.

मावशी उजळल्या चेहऱ्याने परतली. "अगं, खरंच आतून बोलतात गं ते. अकरा बैठका सांगितल्यात. गुरुवारचं मी रद्द करते."

"मावशी, ठरलंय आपलं."

"तू पडलीस यंत्रांतली. तुला आतलं काय कळणार?"

बोलणे वर्मी लागले. पण यंत्रांतल्या माणसाने यंत्रालाच विचारावे, हे त्यांना पटले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी गुरुजींचे ध्वनिमुद्रण लावले आणि त्या खुर्चीत बसल्या. आवाज खरोखरच कवटीत घुमला. दोन खुर्च्या सरकल्या, तर खर्ज परत आला आणि गुरुजीही डोक्यातून बाहेर पडले. वायरताई उठून उजव्या स्पीकरमागे गेल्या. दोरा बांधलेली तार लाल खुंटीतच होती, पण ॲम्प्लिफायरपर्यंत चाचपत गेल्यावर तीच तिथे काळ्या खुंटीतून निघालेली दिसली. डाव्याची बरोबर होती. गेल्या आठवड्यात उजव्या वायरचे स्पीकरकडचे टोक तुटके म्हणून छाटताना तिथला दोरा गेला होता आणि त्यांनीच तो पुन्हा बांधला होता, चुकीच्या तारेला.

त्यांचे कान तापले. आत्ताच तारा बदलल्या तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. पण मग मावशी म्हणेल, माझीच श्रद्धा कमी पडली. त्यांनी तारा तशाच ठेवल्या.

लोक परतल्यावर त्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन मंचावर चढल्या.

"ताई, यंत्राला हात लावाल तर कृपेचा प्रवाह तुटेल," गुरुजी घाईने म्हणाले.

"मी नुसतं वाचणार आहे, गुरुजी. मावशी, बस बघू परत."

पिशवीतून कागद काढून त्यांनी माइकवर वाचायला सुरुवात केली. "वॉशिंग मशीनचे हमीपत्र. गाळणी दरमहा साफ करावी. आत नाणी गेल्यास कंपनी जबाबदार नाही."

"आतूनच येतंय गं," मावशी हळूच म्हणाली. "माझा आत्मा म्हणतोय, गाळणी धुवा."

सभागृह हसून फुटले. शिंपी तर जमिनीवर बसला.

"स्पीकरचा पडदा हवा ढकलतो आणि ओढतो," वायरताई म्हणाल्या. "दोन्ही एकदम ढकलायला हवेत. इथे एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. बरोबर मध्ये खर्जाची वजाबाकी होते. उरलेला आवाज कुठून येतोय हे कानांना उमगत नाही, म्हणून तो डोक्यात वाटतो. इक्वलायझरच्या पट्ट्या कितीही चढवा, वजाबाकी तशीच राहते."

त्यांनी उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. माइकवरचे त्यांचे पुढचे वाक्य मंचावरून आले, भरदार.

"शक्तीनं स्थान सोडलं," गुरुजी पुटपुटले.

"परत बोलावू?"

लोकांच्या आग्रहास्तव शक्ती पाच वेळा आली आणि पाच वेळा गेली. सहाव्या वेळी पाहिले तर गुरुजीही गेले होते.

"तार मीच उलटी जोडली होती," वायरताई शेवटी म्हणाल्या. "माझ्या चुकीला कुणी कृपा म्हणून औषध सोडावं, हे मला सोसणार नाही. नवल वाटलं तर जरूर वाटू द्या. पण दोन खुर्च्या बाजूला सरका, पुन्हा ऐका, आणि असं का, हे विचारा. आजाराचं मात्र डॉक्टरांनाच विचारा."

गुरुवारी सकाळी सहाला वायरताईंनी घराचे दार उघडले तेव्हा मावशी उपाशीपोटी, फाइल काखेत घेऊन पायरीवर बसली होती. ती उठली आणि दवाखान्याच्या वाटेने पुढे चालू लागली.