ओब्दुलियाचा हातगुण

पाण्यात बुडवलेल्या डुकराच्या फुप्फुसातून पुन्हा बुडबुडे आले आणि इरियाने चिमटा ट्रेमध्ये आदळला.

"सटकली! बघ ओब्दुलिया, पुन्हा सटकली. या पट्टीचं माझ्याशी वैर आहे."

"आणि चिमट्याने तुझं काय घोडं मारलंय? हो बाजूला, पोरी."

सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तशीच ही परीक्षा होती. खाटकाकडून आलेल्या फुप्फुसाला चीर द्यायची, वरून रक्त ओतायचे, त्या ओल्या चिरेवर पट्टी दाबून धरायची आणि मग आत हवा भरून सगळे पाण्यात बुडवायचे. बुडबुडे आले की पट्टी नापास. पट्टीचा डिंक शिंपल्यांकडून शिकलेला होता. विगोच्या खाडीत तराफ्यांखाली सोडलेल्या दोरांना काळे शिंपले लाटांच्या माऱ्यातही घट्ट धरून राहतात. त्यांच्या धाग्यांत जे रसायन असते, तसलेच या प्रयोगशाळेने तयार केले होते. टाके न घालता ओली जखम बंद व्हावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

ओब्दुलियाने नवी पट्टी लावली. फुप्फुस फुगले, पाण्यात गेले. एकही बुडबुडा आला नाही.

"याला म्हणतात हातगुण!" दारातून प्रमुख लोरिदो म्हणाले. "डिंक मी बनवतो, पण चिकटतो तो हिच्या धाकाने. सोमवारी सांतियागोच्या हॉस्पिटलचे सर्जन येतायत, बाई. त्यांच्यासमोर एवढी एक पट्टी टिकव. मग ती थेट त्यांच्या रोग्यांवरच लागेल."

इरियाच्या नापास पट्ट्या शिकाऊ हाताच्या म्हणून बाजूला टाकल्या जात. अहवालात जात त्या ओब्दुलियाच्या.

तिने उभे आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये काढले होते. गुडघे गेले तेव्हा हॉस्पिटलने तिला आधी सामानाच्या खोलीत बसवले आणि मग पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवले. इतक्या वर्षांत एकाही सर्जनने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले नव्हते. मास्क असायचा हे खरे, पण मास्क उतरल्यावरही कोणी पाहिले नाही. इथे मात्र काही अडले की "ओब्दुलियाला बोलवा" अशी हाक उठे. ही हाक तिला फार आवडे. जिन्यात ऐकू आली तर ती गुडघे विसरून दोन पायऱ्या भराभर चढत असे.

शुक्रवारी इरियाने मोबाईल उभा करून तिचे चित्रण केले. मग दोघी एम्पानादाचा, म्हणजे सारण भरून भाजलेल्या पावाचा, तुकडा वाटून खात ते बघत बसल्या.

"तू तिरका दाब देतेस," इरिया म्हणाली. "अंगठ्याने. दिसलं मला. आणि मी बावळटासारखी सरळ दाबतेय."

"असेल," ओब्दुलिया म्हणाली.

इरिया उजव्या हाताकडे बघत होती. ओब्दुलियाने पाहिला तो डावा. उजवा हात पट्टी उचलत होता, तेवढ्यात डाव्या हाताने गॉजच्या जाळीदार कापडाची घडी घेतली, चिरेवरून एकदा फिरवली आणि परत ठेवून दिली. पापणी लवावी इतक्या सहज. सर्जनने टाका घालण्याआधी जागा कोरडी करायची, हे तो हात जन्मभर करत आला होता. त्यासाठी तिला कधी कोणी सांगितले नव्हते, आणि आता तिनेही हाताला सांगितले नव्हते.

घास तिच्या तोंडातच फिरत राहिला.

इरिया घरी गेल्यावर तिने डावा हात एप्रनच्या खिशात कोंबला आणि एकट्या उजव्या हाताने पट्टी लावून पाहिली. बुडबुडे आले. दुसरी लावली. तीही गेली. पट्टी कोरड्या जागेला चिकटत होती, ओल्या जागेला नाही. तशा पट्ट्या तर औषधांच्या दुकानातही मिळतात.

तिला रडू आले. डिंकासाठी नाही, त्या हाकेसाठी.

सोमवारी सकाळी लोरिदो टाय बांधत असताना तिने सगळे सांगितले. ते खुर्चीत बसले. टाय अर्धाच राहिला.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही."

"मग आजच्या दिवस पूस," ते हळूच म्हणाले. "इतके महिने पुसतेच आहेस ना? डिंक सुधारू आपण, मला फक्त वेळ हवाय. आज हे लोक हात हलवत गेले तर आपली प्रयोगशाळा बंद. इरियाची नोकरी जाईल, तुझीही जाईल."

"सर, ऑपरेशनच्या टेबलावरचं रक्त पुसून संपत नाही. पुसलं की पुन्हा येतं. मी गॉज धरून उभी राहिलेय ना तिथे."

"एकदाच म्हणतोय मी, ओब्दुलिया."

ती ट्रे मांडायला वळली.

सर्जन दोघे होते. लोरिदोंनी सवयीने तिची ओळख करून दिली, हातगुणाचा विनोदही केला. पण त्यांचे स्वतःचे डोळे गॉजच्या घडीवर खिळले होते. इरियाने रक्त ओतले. ओब्दुलियाने डावा हात खिशात घातला आणि उजव्या हाताने पट्टी लावून दाबून धरली.

फुप्फुस पाण्यात गेले. बुडबुड्यांची माळ वर आली.

"तुझी कशी सटकली?" इरियाच्या तोंडून निघून गेले.

"आतापर्यंत मी आधी पुसत होते," ओब्दुलिया सर्जनांकडे बघत म्हणाली. "नकळत. पुसल्याशिवाय ही चिकटत नाही. पोरीचा हात चांगला आहे, तिच्या नापास पट्ट्याच खऱ्या होत्या."

थोरल्या सर्जनने चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग लोरिदोंना म्हणाला, "चिकटायला लागली की कळवा." कॉफी न घेताच दोघे गेले. लोरिदोंनी टाय सोडला आणि आपल्या खोलीचे दार लावून घेतले.

प्रयोगशाळा बंद झाली नाही, निम्मी झाली. वरचा मजला गेला. इरिया राहिली. ओब्दुलियाला आठवड्यातून दोन दिवस यायला सांगितले, भांडी निर्जंतुक करायला. "ओब्दुलियाला बोलवा" ही हाक काही पुन्हा उठली नाही.

लोरिदोंनी डिंक पहिल्यापासून करायला घेतला. आता पट्ट्या इरियाच लावते. नव्या पट्टीचा दिवस असला की ओब्दुलिया हातातले काम टाकून टेबलापाशी येते. तिला कोणी नको म्हणत नाही. इरिया चिरेवर रक्त ओतते, पट्टी उचलते, आणि सगळे श्वास रोखून बघतात.

ओब्दुलियाचा डावा हात तेव्हा खिशात असतो. पट्टी चिरेवर टेकण्याच्या जरासे आधी, खिशाच्या आत तो कापडावरून एकदा हलकेच फिरतो.