थोरल्याची टाकी

वहिनीनं दोन कासवं एकाच टपात पाळली होती. एका सकाळी थोरल्यानं धाकट्याचा मागचा पाय कचकन तोडला आणि टपातलं पाणी लालभडक झालं. धाकट्याला तिनं टॉवेलात गुंडाळलं. थोरल्यासाठी आता दुसरं घर शोधायला हवं होतं, पण असल्या खाटकाला घेणार कोण?

तेवढ्यात काचेचं दुकान चालवणारा दीर हातोडा घेऊन आला. "व्हा बाजूला वहिनी, भुगाच करतो याचा!"

त्यानं उचलायला हात घातला मात्र, थोरल्यानं अंगठाच धरला, तोही पार हाडापर्यंत. रक्ताची चिळकांडी थेट छताला! दिरानं त्याला भिंतीवर आपटलं, कपाटावर आपटलं, आरसा फोडला, पण जबडा काही सुटेना.

"मेलो वहिनी! काढा याला!"

पाण्यात बुडवलं की कासव सोडतं, हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं. तिनं बादली भरली आणि पाठीमागे धरली.

"आधी सांगा भाऊजी, याला काचेची टाकी कोण करणार? सांभाळणार कोण?"

"मीच! पोरांची शपथ, मीच!"

मग तिनं बादली पुढे केली.

आता थोरला दुकानात सहा फुटी टाकीत ऐटीत पोहतो. अर्ध्या अंगठ्याबद्दल कोणी विचारलं, की दीर म्हणतो, "काच लागली."