पट्टीचं शून्य

"म्हंजे एकोनीस दिवस मी घरीच लोळून होतो, असं म्हनता का तुमी?" गुलाबभाऊंनी नोटीस रुचिताच्या टेबलावर ठेवली.

साकोलीच्या पाटबंधारे कार्यालयात रुचिता कंत्राटावर प्रोग्रॅम लिहायची. नोटिशी काढायचं काम वीरेंद्र सरांचं. पण ही नोटीस तिच्याच प्रोग्रॅमच्या जोरावर निघाली होती. गुलाब मेश्राम सव्वीस वर्षं रोज सकाळी गावच्या तलावावर जात, पाण्यातल्या पट्टीवर पातळी पाहत आणि वहीत लिहीत. यंदा तलावात यंत्र बसलं. प्रोग्रॅम वहीचा आकडा आणि यंत्राचा आकडा ताडून पाहायचा. जुळले तर हिरवा दिवस, नाही तर लाल. गुलाबभाऊंचे पहिले एकोणीस दिवस लाल होते. मग वीरेंद्र सरांनी फोनवरून खडसावलं, आणि पुढचे अकरा दिवस हिरवे झाले. म्हणजे आधी हा माणूस जातच नव्हता, असं सरांनी ठरवलं. सात दिवसांत खुलासा, नाही तर काम बंद.

"मी नाही म्हणत भाऊ, मशीन म्हणते."

"अन् मशीनले शिकवलं कोनं जी?"

याचं उत्तर तिला ठाऊक होतं. तिने प्रोग्रॅम उघडला.

त्यात दोन क्लास, म्हणजे कोडचे दोन कप्पे होते, एक वहीचा आणि एक यंत्राचा. दोन्हींत तिने एकाच नावाची मेथड लिहिली होती, 'पातळी'. वहीची 'पातळी' एक आकडा परत द्यायची, यंत्राची दुसरा, आणि खालच्या ओळीत त्यांची तुलना व्हायची. आपणच रचलेले आकडे घालून तिने ते तपासलं होतं. त्यानंतर तिने फक्त रंग पाहिले होते, आकडे नाही.

आज तिने आकडे काढले. वही २.३०, यंत्र ३.७०. दुसऱ्या दिवशी २.२८ आणि ३.६८. मग २.२५ आणि ३.६५. एकोणीस दिवस फरक तोच, एक मीटर चाळीस सेंटिमीटर. घरी बसून आकडे रचणाऱ्याला इतकं नेमकं चुकता येत नाही.

"भाऊ, तुमच्या पट्टीचं शून्य कुठं आहे?"

"तुडुमाच्या तोंडाशी. पाटात पानी उतरते तिथं. त्याच्या खालचं पानी धानाच्या कामाचं नाही, ते मासोळीचं. ते कायले मोजाचं?"

यंत्राचं शून्य तलावाच्या तळाशी होतं. नाव एकच, प्रश्न दोन. तिने नाव पाहून उत्तरं ताडली होती.

यंत्राच्या आकड्यातून १.४० वजा करणारी एक ओळ तिने लिहिली आणि प्रोग्रॅम चालवला. एकोणीस दिवस हिरवे झाले. विसाव्यापासून तिसाव्यापर्यंतचे अकरा लाल.

गुलाबभाऊंनी पडद्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"सर फोनवर बोलले, 'तुमचा आकडा कधीच जमत नाही, डोळे तपासून घ्या.' मंग मी खांबावरच्या मशीनच्या डब्यावर जो आकडा दिसे, तोच लिवत गेलो."

पाऊस नसताना वहीत तलाव एका रात्रीत एक मीटर चाळीसने चढला होता. तेही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"पट्टी पाहिली होती ना पण?"

"रोज पाहिली. पन लिवलं नाही, ते गेलं. आता याद नाही."

रुचिताने दार अर्धवट लोटलं. "भाऊ, वजाबाकी मी पहिल्या एकोणीस दिवसांलेच लावते. तीसच्या तीस हिरवे येतील. कोणाले समजणार नाही."

"अन् वहीत तलाव भरलेला राहीन?" त्यांचा आवाज चढला. "टोकावरच्या धानाच्या बांध्यांले पानी किती दिवस पुरन, ते वहीवरून ठरते, बाई. तुमच्या रंगावरून नाही."

त्यांनी तिची फूटपट्टी मागून घेतली. वहीतल्या अकरा आकड्यांवर एकेक सरळ रेघ मारली आणि प्रत्येकासमोर लिहिलं, 'पट्टी पाहिली, लिहिली नाही.' खाली अकरा सह्या केल्या. रुचिताने पूर्ण दुरुस्ती कायम ठेवली आणि खुलाशात लिहिलं, तुलना चुकीची होती, चूक माझी आहे.

वीरेंद्र सरांनी खुलासा वाचला, वही चाळली.

"एकोणीस दिवसांचं ठीक आहे, नोटीस रद्द करू. पण ही खोडाखोड? चांगलं जुळून राहिलं होतं ना! कायले हात लावला? आता ताकीद द्यावी लागते."

"सर, त्यांनी यंत्राचा आकडा लिहिला तो माझ्या चुकीमुळं..."

"प्रोग्रॅम दुरुस्त झाला ना? मग झालं."

चार वाजता ताकीद टाइप होऊन आली. रुचिताच्या नावाने कोणताच कागद निघाला नाही. 'अकरा दिवस चुकीच्या नोंदी केल्याबद्दल' या ओळीखालून गुलाबभाऊंनी बोट सरकवलं, शेवटच्या तारखेपर्यंत नेलं.

"हे बराबर हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.